मालक नव्हे, मुखत्यार: ख्रिस्ती विचारात माणूस कशासाठी आहे?

मे २०२५ मध्ये नवे पोप निवडून आले आणि त्यांनी चौदावे लिओ हे नाव घेतले. दोनच दिवसांनी कार्डिनलांपुढे बोलताना त्यांनी या नावामागचे कारण सांगितले. तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये, कारखानदारीच्या रेट्यात भरडल्या जाणाऱ्या कामगारांबद्दल एक गाजलेले परिपत्रक काढले होते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाची प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांच्यापुढे तसेच नवे आव्हान उभे राहिले आहे, असे नव्या पोपचे म्हणणे होते. बातमी आली आणि गेली. पण तिच्या पोटातला प्रश्न काही जात नाही. यंत्र लिहू लागले, हिशेब करू लागले, रोगाचे निदान करू लागले, तर माणूस नेमका कशासाठी उरतो?

ख्रिस्ती परंपरेकडे या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि त्याचा पाया ज्यू धर्मग्रंथांत असल्याने ते ख्रिस्ताहूनही जुने आहे. अडचण अशी, की बाहेरच्या माणसाच्या कानावर ते दोन तुकड्यांत पडते. एक तुकडा म्हणतो, देवाने माणसाला सृष्टीचा राजा केले. दुसरा म्हणतो, जगभर जा आणि लोकांना ख्रिस्ती करा. पहिला ऐकून पर्यावरणवादी वैतागतो, दुसरा ऐकून शेजारी. या दोन तुकड्यांना जोडणारा सांधा मात्र फारसा कुणी दाखवत नाही. मला तो रोजच्या व्यवहारातल्या एका कागदात सापडतो. तो कागद म्हणजे मुखत्यारपत्र.

आधी एक पुतळा

बायबलमधल्या 'उत्पत्ति' या पहिल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला आपल्या 'प्रतिरूपाचा', आपल्याशी 'सदृश' असा करतो. पुढची सगळी इमारत या दोन शब्दांवर उभी आहे. पण प्रतिरूप म्हणजे काय? देवाला नाक-डोळे आहेत, असा तर अर्थ नाही.

१९७९ मध्ये ईशान्य सीरियात तेल फेखेरिये इथे काळ्या बेसॉल्ट दगडाचा एक पुरुषभर उंचीचा पुतळा सापडला. हात जोडून उभा असलेला हा माणूस म्हणजे इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला हदद-यिथी नावाचा स्थानिक सत्ताधीश. पुतळ्याच्या झग्यावर दोन भाषांत लेख कोरला आहे, अक्कादी आणि अरामी. त्यातल्या अरामी लेखात या पुतळ्याला जे दोन शब्द वापरले आहेत, ते 'उत्पत्ति'तल्या 'प्रतिरूप' आणि 'सदृश' यांच्या मूळ हिब्रू शब्दांचे सख्खे भाऊ आहेत. म्हणजे त्या काळच्या माणसाला हे शब्द ऐकून गूढ आत्मतत्त्व वगैरे आठवत नसावे. डोळ्यांपुढे येत असावा तो पुतळा.

पुतळा करतो काय? जिथे राजा स्वतः उभा नाही, तिथे तो राजाच्या वतीने उभा राहतो. जिंकलेल्या मुलखात राजे आपले पुतळे बसवत ते याचसाठी. हीच पदवी जिवंत माणसालाही मिळे, पण ती बहुधा राजालाच. तुतनखामुन या नावाचा अर्थच 'आमून देवाची जिवंत प्रतिमा' असा आहे. 'उत्पत्ति'ने इथे एक धाडस केले. राजाची पदवी काढून ती सगळ्या माणसांना वाटून टाकली आणि वर 'नर व नारी' असेही स्पष्ट लिहिले. शेतात राबणारी बाई आणि सिंहासनावरचा इजिप्तचा राजा फेरो यांना एकच पदवी! आज आपण हे वाक्य सहज वाचून जातो. त्या काळी ते किती बेअदबीचे वाटले असेल, याची नुसती कल्पना करावी.

म्हणून या विचारात माणूस हा जगात देवाच्या वतीने उभा असलेला प्रतिनिधी आहे. मुखत्यारपत्र म्हणतात ते याला. मुखत्याराला सहीचा अधिकार असतो, निर्णय घेण्याचा असतो, मालमत्तेची देखरेख करण्याचा असतो. मालकी मात्र त्याची नसते. आणि अधिकार त्याला हुशारीमुळे मिळत नाही. ज्याने कागदावर सही केली, त्याच्यामुळे मिळतो.

हा शेवटचा मुद्दा आज फार कामाचा आहे. कित्येक शतके बरेच ख्रिस्ती विचारवंत प्रतिरूप म्हणजे बुद्धी किंवा विवेक असे सांगत आले. प्राण्यांकडे नाही आणि माणसाकडे आहे ते काय, तर विचारशक्ती, असा तो सरळ हिशेब. पण मग तान्हे बाळ, स्मृती हरवलेले आजोबा, बौद्धिक अपंगत्व असलेली मुलगी यांचे काय करायचे? त्यांच्यात देवाचे प्रतिरूप कमी का? आणि उद्या यंत्राने आपल्यापेक्षा चांगला विचार केला, तर प्रतिरूप त्याच्याकडे गेले म्हणायचे? प्रतिरूप ही नेमणूक आहे असे मानले की हा पेच बराच सैल होतो. नेमणूक कौशल्याच्या चाचणीवर अवलंबून नसते. व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर जी सविस्तर टिपणी प्रसिद्ध केली, तिचाही रोख असाच आहे: माणसाचे मोल त्याने किती कामे पार पाडली यावर ठरत नाही.

मुखत्यारपत्राची उपमा एका जागी लंगडी पडते, ते इथेच सांगतो. मुखत्यार परका असू शकतो. पण 'उत्पत्ति'च्या पाचव्या अध्यायात हेच दोन शब्द पुन्हा येतात, आणि तिथे ते आदामाला स्वतःच्या प्रतिरूपाचा मुलगा झाला, हे सांगण्यासाठी येतात. म्हणजे हा मुखत्यार घरचाच आहे. कागदावर सही आहे आणि रक्ताचे नातेही आहे, असा काहीसा प्रकार.

'सत्ता चालवा' म्हणजे ओरबाडा?

पहिला मोठा आक्षेप इथेच येतो. १९६७ मध्ये लिन व्हाइट या अमेरिकी इतिहासकाराने 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्म हा जगाने पाहिलेला सर्वांत मानवकेंद्री धर्म आहे आणि निसर्गाच्या आजच्या दुरवस्थेचा मोठा दोष त्याच्या माथी येतो, असा त्यांचा आरोप होता. बोट होते 'उत्पत्ति'तल्या आज्ञेकडे: फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा, पृथ्वी सत्तेखाली आणा.

आक्षेप हवेतला नाही. त्या आज्ञेतली दोन्ही हिब्रू क्रियापदे कडक आहेत. एकाचा अर्थ काबूत आणणे, दुसऱ्याचा राज्य करणे. त्यांना गुळगुळीत करून सांगणारे प्रवचनकार मला तरी पटत नाहीत. पण तोच अध्याय पुढे वाचला तर गंमत दिसते. सत्ता दिल्यावर लगेच देव माणसाला अन्न नेमून देतो, आणि ते असते धान्य नि फळे. मांस खाण्याची परवानगी येते ती थेट जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात. म्हणजे प्राण्यांवरच्या मूळ 'सत्ते'त त्यांना मारून खाणेसुद्धा बसत नव्हते. मग ही सत्ता होती तरी कसली?

उत्तर दुसऱ्या अध्यायात आहे. तिथे माणसाला बागेत ठेवले जाते ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मशागतीसाठी जे हिब्रू क्रियापद आहे, त्याचा दुसरा अर्थ सेवा करणे. राखणीचे क्रियापद पहारा देण्याचे. पुढे हीच जोडी पुरोहितांच्या मदतनिसांच्या, म्हणजे लेवींच्या, पवित्र मंडपातल्या कामासाठी वापरली आहे. बाग म्हणजे जणू मंदिर आणि माळी म्हणजे पुरोहित. पुढे यहेज्केल नावाचा संदेष्टा इस्राएलच्या नेत्यांवर कडाडतो, की तुम्ही कळपावर जुलमाने सत्ता चालवली. तिथले क्रियापद तेच आहे, पहिल्या अध्यायातल्या सत्तेचे. सत्ता मिळाली होती, जुलूम मंजूर नव्हता. आणि जमिनीबद्दल 'लेवीय' हा ग्रंथ तर सरळ हिशेब मांडतो: जमीन देवाची आहे, तुम्ही तिच्यावर उपरे आहात.

व्हाइट यांनी लेखाच्या शेवटी आसिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत मानावे, असे सुचवले होते. बारा वर्षांनी, १९७९ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी नेमके तेच केले. पोप फ्रान्सिस यांचे २०१५ चे पर्यावरणावरचे परिपत्रक त्याच संताच्या स्तोत्रातल्या शब्दांनी सुरू होते आणि त्यात मशागत नि राखण या जोडीचा अर्थ पुन्हा उलगडून सांगितला आहे. टीकाकाराची सूचना एवढी मनावर घेणारी संस्था विरळाच. अर्थात, इतकी शतके लागली कशाला, हा प्रश्न उरतोच.

मग घोडे कुठे पेंड खाते?

मुखत्याराचा गुन्हा कोणता असू शकतो? काम न करणे हा एक. पण कोर्टकचेऱ्या होतात त्या बहुधा दुसऱ्याच कारणाने: त्याने मालमत्ता हळूच स्वतःच्या नावावर करून घेतलेली असते. ख्रिस्ती भाषेत 'पाप' म्हणतात त्याचे मूळ असेच आहे. नियम मोडणे हे वरचे लक्षण. आतली गोष्ट अशी, की प्रतिनिधी स्वतःलाच मालक समजू लागला. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर याने यासाठी एक नेमका शब्दप्रयोग वापरला: स्वतःकडेच वाकलेला माणूस. बाहेर बघण्यासाठी घडवलेला जीव आत वळला, आणि मग देव, शेजारी, जमीन ही सगळी त्याला आपल्या उपयोगाची सामग्री दिसू लागली.

याचे सर्वांत भयानक उदाहरण ख्रिस्ती इतिहासातच आहे. १४९३ मध्ये पोप सहावे अलेक्झांडर यांनी एका फर्मानाने अटलांटिकपलीकडच्या नव्याने 'सापडलेल्या' भूमी स्पेनच्या राजघराण्याच्या पदरात घातल्या. तिथे राहणाऱ्या माणसांना कुणी विचारले नाही. ज्यांनी 'आपण मुखत्यार' असे शिकायचे, ते दुसऱ्यांच्या देशांचे सातबारे वाटत बसले! पण याच इतिहासात १५११ चा डिसेंबरही आहे. कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटावर आंतोनिओ दे मोंतेसिनोस नावाचा संन्यासी प्रवचनाला उभा राहिला. समोर स्पॅनिश वसाहतवाले, त्यांच्या खाणींत मूळ रहिवासी राबून मरत होते. त्याने विचारले: ही माणसे नाहीत का? स्वतःवर करता तसे त्यांच्यावर प्रेम करायला तुम्ही बांधील नाही का? सभा खवळली. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने पुढे तीनच वर्षांत आपल्या वाट्याला आलेली राबती माणसे सोडून दिली आणि उरलेले आयुष्य त्यांची बाजू मांडण्यात घालवले. व्हॅटिकनने त्या जुन्या फर्मानांवर उभ्या राहिलेल्या 'शोधाच्या सिद्धान्ता'शी असलेले नाते अधिकृतपणे तोडले ते २०२३ मध्ये.

एकाच ग्रंथातून फर्मानही निघाले आणि ते प्रवचनही. प्रतिरूप म्हणजे 'मी', असे वाचले की पहिले निघते. प्रतिरूप म्हणजे 'समोरचा', असे वाचले की दुसरे.

येशू या चित्रात कुठे बसतो?

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागात, पौल या आरंभीच्या प्रचारकाच्या नावाचे एक पत्र येशूला 'अदृश्य देवाचे प्रतिरूप' म्हणते. शब्द तोच आहे. म्हणजे ज्या नेमणुकीत सगळे नापास झाले, ती पूर्णपणे निभावणारा माणूस हा. आणि ती त्याने निभावली कशी, ते योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, अगदी जवळून दिसते. अटक झाली त्याच रात्री, त्याआधीचे भोजन चालू असताना तो उठतो, अंगावरची वस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे धुळकट पाय धुऊ लागतो. हे गुलामाचे काम. पेत्र हा शिष्य ओशाळतो, नको म्हणतो. लेखकाने या प्रसंगाच्या तोंडाशीच एक वाक्य टाकले आहे: पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, हे येशूला ठाऊक होते. सगळी सत्ता हातात आहे हे माहीत असलेला माणूस त्याच हातांनी पाय धुतो. 'सत्ता चालवा' या वाक्याचे ख्रिस्ती भाष्य पाहायचे असेल तर ते इथे आहे.

'मिशन' म्हणजे धर्मांतर का?

हा शब्द ऐकला की अनेकांना शाळा, दवाखाना आणि त्यामागे दडलेला हेतू एवढेच आठवते. शब्दाचा प्रवास मात्र निराळा आहे. लॅटिन 'मिस्सिओ' म्हणजे पाठवणे. शतकानुशतके धर्मशास्त्रात हा शब्द माणसांसाठी नव्हताच. पित्याने पुत्राला जगात पाठवले, पवित्र आत्मा पाठवला गेला, या अर्थाने तो वापरत. दूरदेशी धर्मप्रसारक धाडणे हा अर्थ रूढ झाला सोळाव्या शतकात, जेझुइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या काळात, आणि नेमका वसाहतींच्या विस्ताराबरोबर. शब्दाला चिकटलेला वास तेव्हाचा आहे.

विसाव्या शतकात जुना अर्थ परत आला, तोही एका ठेचेनंतर. चीनमधून परदेशी धर्मप्रसारकांना बाहेर पडावे लागले होते. शंभरहून अधिक वर्षांचे काम आटोपले की काय, अशी धास्ती होती. अशा वातावरणात १९५२ मध्ये जर्मनीत विलिंगेन इथे प्रोटेस्टंट मंडळींची परिषद भरली. तिथल्या विचारमंथनातून जी कल्पना रुजली, तिचे नाव 'मिस्सिओ देई', म्हणजे देवाचे मिशन. काम मुळात देवाचे आहे; मंडळी, म्हणजे चर्च, त्या कामात सामील होते. पुन्हा तीच मुखत्याराची गोष्ट: मिशनसुद्धा स्वतःच्या नावावर करून घेता येत नाही.

मग काम कोणते? मत्तयच्या शुभवर्तमानाचा शेवट 'सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा' या आज्ञेने होतो, आणि ख्रिस्ती माणूस ती गाळू शकत नाही. जे आपल्याला सर्वांत मोलाचे वाटते ते दुसऱ्याला सांगणे हा त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, हे आडपडदा न ठेवता मान्य करावे. पण त्याच ग्रंथात तीनच अध्याय आधी न्यायाच्या दिवसाचे चित्र आहे. तिथे विचारणा होते ती भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला घरात घेतले का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, याची. या दोन टोकांपैकी जड कोणते, यावर ख्रिस्ती लोक आपापसांत अजून भांडतात. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे जमलेल्या इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्ता सांगण्यावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, नेत्यांनी सुवार्ता सांगणे आणि सामाजिक न्यायासाठी झटणे ही दोन्ही कर्तव्येच आहेत, असे लिहून ठेवले. तरी वाद मिटला नाही.

आमिष, फसवणूक, बळजबरी यांचे काय? त्यांना तत्त्वातच जागा नाही, आणि हे आता कागदावरही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्य माणसाच्या प्रतिष्ठेतूनच येते, असे जाहीर केले. २०११ मध्ये व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी मिळून एक आचारसंहिता काढली. गरिबीचा किंवा अगतिकतेचा फायदा घेऊन केलेला प्रचार तिने स्पष्ट शब्दांत नाकारला. कागद आणि वर्तन यांत अंतर पडते तिथे बोट ठेवायचा हक्क सगळ्यांनाच आहे.

देवाला स्वतःची स्तुती कशाला हवी?

१६४७ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न आहे: माणसाचे मुख्य प्रयोजन काय? उत्तर: देवाचे गौरव करणे आणि त्याच्या ठायी सदासर्वकाळ आनंद भोगणे. अर्धे उत्तर ऐकून कुणालाही वाटेल, हा देव फारच आत्मस्तुतीचा भुकेला दिसतो. उरलेले अर्धे म्हणूनच महत्त्वाचे. सूर्योदय पाहिल्यावर तोंडून 'वा!' निघते, त्याची सूर्याला गरज नसते. ते आपल्याच आनंदाचे टोक असते. गौरवाचा अर्थ ख्रिस्ती परंपरा असा लावते. दुसऱ्या शतकात लियोंचा बिशप इरेनेयस याने लिहिले, की देवाचे गौरव म्हणजे जिवंत माणूस. हे वाक्य हल्ली भिंतीवर लावण्याइतके लोकप्रिय झाले आहे, पण त्याचा पुढचा भाग बहुतेक जण सोडून देतात: आणि माणसाचे जीवन म्हणजे देवाचे दर्शन.

इथेच विश्रांतीचाही विषय येतो. 'उत्पत्ति'त माणूस सहाव्या दिवशी घडतो. त्याचा पहिला पूर्ण दिवस म्हणजे सातवा, सुट्टीचा. एक काडीही हलवलेली नसताना! पुढे दहा आज्ञांत ही सुट्टी दास-दासी आणि गुराढोरांनाही लागू होते. काम गेले तर माणसाला किंमत काय उरेल, ही भीती ज्यांना वाटते त्यांनी हा क्रम जरा न्याहाळावा. नेमणूक आधी झाली, मग विश्रांती आणि नंतर बागकाम.

शेवटी स्वर्गातच जायचे, तर इथे कशाला राबायचे?

हा आक्षेप ख्रिस्ती लोकांनी स्वतःच ओढवून घेतला आहे. आत्मा वर उडून जातो आणि पृथ्वी जळून खाक होते, असे चित्र कित्येक पिढ्यांना शिकवले गेले. पण बायबलच्या शेवटच्या पानांवर हालचाल उलट दिशेने होते. 'प्रकटीकरण' या ग्रंथात नवे यरुशलेम स्वर्गातून खाली पृथ्वीवर उतरते. गोष्ट सुरू झाली बागेत आणि संपते नगरात. बाग देवाने लावलेली असते. नगर म्हटले की भिंती, वाटा, वेशी आल्या, माणसाच्या हाताची कला आली. आणि त्या नगरात पृथ्वीचे राजे आपापले वैभव घेऊन येतात, असे तिथे लिहिले आहे.

त्या वैभवात नक्की काय काय मोजले जाईल, यावर परंपरांचे एकमत नाही. कुणी म्हणतात, माणसाने घडवलेले जे जे चांगले ते शुद्ध होऊन टिकेल; कुणाच्या मते टिकतील फक्त माणसे आणि त्यांच्यातले प्रेम. पौल करिंथ या नगरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना एवढेच म्हणतो, की प्रभूमध्ये केलेले तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. यादी तो देत नाही. नगराच्या वेशींबद्दल मात्र 'प्रकटीकरण'चा लेखक एक बारीकशी नोंद करून ठेवतो: त्या दिवसा कधीच बंद होणार नाहीत, आणि रात्र तर तिथे नाहीच.